मुरुडच्या गोठ्यांतील फियाट

प्रत्येक जुन्या घरांत एखादी तरी वस्तु अशी असते कीं, जिचा उपयोग संपलेला असतो. परंतु ती टाकून द्यावी असें म्हणण्याचें धैर्य कोणासच होत नाहीं. कोठें ती माळ्यावरची पालखी असते, कोठें तारा तुटलेली सतार, तर कोठें आजोबांचें बंद पडलेलें घड्याळ. आमच्या घरीं ती वस्तु एक मोटार होती. दापोली तालुक्यांतील मुरूड गांवीं, आमच्या आगरांतील गोठ्यांत, ती तीस वर्षांहून अधिक काळ एकाच जागीं उभी होती. तिचें काय करावें, हा प्रश्न गेल्या मार्गशीर्षांत अखेर निकालास लागला. तो कसा लागला याची हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे. ज्यांच्या घरीं अशी एखादी वस्तु आहे, त्या वाचकांस तिचा थोडाबहुत उपयोग होईल अशी आशा आहे.

मोटार म्हणजे फियाट ११००, १९५७ सालची. गोल पाठ, पुढें आलेलें नाकाड आणि बसकी अंगलट यांवरून मुंबईकरांनीं या जातीस 'डुक्कर फियाट' असें नांव ठेविलें होतें, व तें आजही जुन्या लोकांच्या तोंडीं आहे. माझे धाकटे काका मुरुडास डॉक्टर होते. त्यांनीं ती १९६६ सालीं मुंबईच्या एका वकिलांकडून विकत घेतली, व पनवेल-महाड मार्गें स्वतः चालवीत दोन दिवसांत गांवीं आणली. १९९३ पर्यंत ती चालली. पुढच्याच वर्षीं काका वारले, आणि गाडी गोठ्यांत राहिली ती राहिलीच.

काकू आतां चौऱ्यांशी वर्षांच्या आहेत. कार्तिकांत त्यांचा दूरध्वनि आला. "नातवाला गाडी नवी करायची आहे, आणि मला घरावर कौलें घालायचीं आहेत. दोन्ही व्हायचीं नाहींत. तूं थोरला आहेस. एकदां येऊन बघ, आणि काय तें ठरवून टाक." काकूंचें बोलणें नेहमींच असें मोजकें असतें. त्या एवढ्या चार वाक्यांत घरांतील सगळा पेंच आला होता.

मार्गशीर्षाच्या पहिल्या आठवड्यांत आम्ही तिघे पुण्याहून निघालों: मी, काकूंचा नातू म्हणजे माझा चुलतपुतण्या, आणि एक वृद्ध मिस्त्री. पुतण्या अभियंता आहे. त्याचे वडील नोकरीनिमित्त बडोद्यास असतात. मिस्त्रींनीं चाळीस वर्षें फियाट आणि तिचीच पुढली पिढी जी पद्मिनी, यांवांचून दुसऱ्या गाडीस फारसा हात लावला नाहीं. पुतण्याचा गाडी जगविण्याचा निश्चय झालेलाच होता. मिस्त्रींस त्यानें आणिलें तें केवळ खर्चाचा अंदाज काढण्यासाठीं.

भोर मागें पडलें म्हणजे नीरा-देवघर धरणाचें पाणी बराच वेळ रस्त्याची सोबत करतें. मग वरंध घाट लागतो. घाटाच्या तोंडाशीं उभें राहिलें कीं खालच्या दरींत दाट झाडींनें भरलेला शिवथरचा मुलूख दिसतो. समर्थांच्या नांवानें प्रसिद्ध असलेली घळ तेथेंच आहे. घाट उतरून महाड, पुढें पोलादपूर, आणि मग कशेडी. कशेडीच्या डोंगरास आतां बोगदा पडला आहे. ज्या वळणांवर काकांची गाडी दोनदां थांबवून पाणी पाजावें लागे, तो डोंगर आम्ही काचा वर करून, थंड हवेंत, गप्पा मारीत ओलांडला. खेडहून दापोली, आणि दापोलीहून आसूदच्या उतारानें खालीं. आसूद आलें कीं हवा बदलते. डोंगरांतून पाटानें आणलेलें पाणी, त्यावर पोसलेल्या पोफळींच्या बागा, वर केशवराजाचें देऊळ, आणि वाऱ्याबरोबर येणारा समुद्राचा तो ओलसर, खारा वास. मिस्त्री पुढच्या बैठकीवर होते. त्यांनीं काच खालीं केली, एकदां हुंगलें, आणि म्हणाले, "गुरुजी, हा वास आपल्याला गोड, पत्र्याला हें वीष."

मुरूड हें गांव ज्यानें पाहिलें नाहीं त्यास त्याची रचना सांगितली पाहिजे. मध्यें रुंद, सरळ रस्ता, दुतर्फा जांभ्या दगडाच्या जोत्यांवर उभीं असलेलीं घरें, घरामागें आगर, आणि आगराच्या गडग्यापलीकडे सुरूचें बन व समुद्र. दुर्गादेवीच्या देवळांतील लांकडी खांबांवरील कोरीव काम पाहण्यासाठीं दुरून लोक येतात. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बालपण याच गांवीं गेलें. इयत्ता सहावीच्या परीक्षेसाठीं ते येथून सह्याद्रि ओलांडून पायीं साताऱ्यास गेले, आणि वय लहान दिसतें म्हणून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं, ही गोष्ट मीं वर्गांत किती वेळां सांगितली असेल याची गणती नाहीं. ज्या गांवाचीं मुलें घाट पायीं ओलांडीत, त्या गांवांत १९६६ सालीं आलेली मोटार ही काय अपूर्वाईची वस्तु असेल, याची कल्पना आजच्या वाचकांनींच करावी.

शिक्षणासाठीं मी त्या काळीं काकांकडेच होतों. त्यामुळें त्या गाडीच्या आठवणी मजपाशीं पुष्कळ आहेत. पण सांगण्याजोगी एकच. १९७० च्या श्रावणांतील रात्र. हर्णै बंदरांतील एक कोळी दारांत येऊन उभा राहिला. त्याच्या बायकोचें बाळंतपण अडलें होतें, आणि तिला दापोलीस नेल्यावांचून गत्यंतर नव्हतें. काकांनीं गाडी काढली. बत्ती धरण्यासाठीं म्हणून मला बरोबर घेतलें. वाटेंत एक पऱ्या फुगून रस्त्यावरून वाहात होता. काका खालीं उतरले, बॉनेट उघडून त्यांनीं पंख्याचा पट्टा काढून ठेविला, म्हणजे पंखा फिरून इंजिनावर पाणी उडवावयाचा नाहीं. आणि पहिल्या गिअरमध्यें, एका लयींत, पाण्यांतून गाडी पलीकडे काढली. पलीकडे पुन्हां पट्टा चढविला. या सर्व वेळांत ते एक शब्दही बोलले नाहींत. पहांटे दापोलीस मुलगी झाली; मायलेकी दोघी वांचल्या. काकांनीं पैसे घेतले नाहींत. त्या घरानें तेव्हांपासून दर नारळी पौर्णिमेस आमच्या घरीं एक नारळ पाठविण्याचा परिपाठ ठेविला आहे. ज्यांच्या आगरांत शेंकडों नारळ, त्यांच्या घरीं एक नारळ! पण काकू तो देवापुढें ठेवीत आल्या आहेत.

अशी ती गाडी. मात्र गोठ्यांत शिरल्यावर जें दिसलें त्यानें माझें मन खिन्न झालें. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें. दापोली-मंडणगडच्या बाजूच्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारींत आडव्या झाल्या. आमच्या आगराचीही तीच गत झाली. नवी पोफळ लाविली तर ती धरतीस यावयास सहा-सात वर्षें तरी जातात. म्हणजे घराचें जें काय थोडें उत्पन्न होतें तेंही बुडालें. घरावर पत्रे टाकून तात्पुरती सोय झाली. गोठ्याकडे लक्ष द्यावयास त्या वर्षीं कोणास सवड नव्हती. त्याचें छप्पर उडालेलें होतें, आणि तो सबंध पावसाळा गाडी उघड्यावर भिजली. सत्तावीस वर्षांत गंजानें जेवढें खाल्लें नव्हतें, तेवढें त्यानें त्या एका वर्षांत खाल्लें असावें.

मिस्त्रींनीं प्रथम इंजिन पाहिलें. चारही प्लग काढून त्यांनीं आंत तेल सोडलें, आणि "आतां रात्रभर हिला राहूं द्या," म्हणून बॉनेट बंद केलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पंख्याचा पट्टा धरून त्यांनीं हलकेच ओढ दिली. पहिल्यांदां कांहीं झालें नाहीं. आणखी तेल, आणखी दोन तास. मग कोठेंसा 'कट्' असा आवाज झाला, आणि इंजिन पाव वळसा फिरलें. पुतण्या लहान मुलासारखा ओरडला. मिस्त्री मात्र हंसले नाहींत. त्यांनीं हातांतला पेचकस उलटा धरला व दाराखालचा उंबरठा त्याच्या मुठीनें ठोकीत ठोकीत पुढून मागें गेले. कोठें 'टण्' असा आवाज येई, कोठें 'थप्'. जेथें 'थप्' वाजलें तेथें त्यांनीं पेचकसाचें टोंक टेकवून दाबलें. तें मुठीपर्यंत आंत गेलें. मग मला त्यांनीं मधल्या खांबाशीं नेलें.

येथें या गाडीच्या रचनेविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण सगळा निर्णय त्यावरच अवलंबून होता. जुन्या ब्युइक, डॉज यांसारख्या मोटारींस खालीं लोखंडी तुळयांचा एक स्वतंत्र सांगाडा असे, आणि वरचें शरीर त्यावर बसविलेलें असे. शरीर गंजलें तर तें उतरवून दुसरें घडवितां येई. सांगाडा शाबूत तर गाडी शाबूत. १९५३ सालीं निघालेल्या या फियाटची गोष्ट वेगळी. तिला निराळा सांगाडा नाहीं. तळ, दोन्ही बाजूंचे पोकळ उंबरठे, खांब आणि छत हे सर्व पत्रे एकमेकांस जोडून जी पेटी होते, तीच तिची हाडें व तीच तिची कातडी. त्यांतून, या गाडीचीं पुढचीं दारें पुढल्या बाजूनें उघडतात व मागचीं मागल्या बाजूनें. म्हणजे दोन्ही दारांच्या बिजागऱ्या मधल्या एकाच खांबावर. त्या खांबाचा पाय उंबरठ्यांत रोवलेला. बाहेरून रंग आणि चकचकीत पट्ट्या कितीही शाबूत दिसोत. पोकळ उंबरठ्याच्या आंत खारी ओल वर्षानुवर्षें बसते, आणि गंज आंतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसतो तेव्हां आंत कांहींच उरलेलें नसतें.

मिस्त्रींनीं पुढचें दार उघडलें. तें तळहाताएवढें खालीं आलें, आणि त्याबरोबर खांबही हलला. दुसऱ्या बाजूसही तेंच. "गुरुजी," ते म्हणाले, "इंजिन जिवंत आहे, गिअर-बॉक्स जिवंत आहे, मागचा ॲक्सल चांगला आहे, काचा, दिवे, पुढची जाळी सगळें मूळचें आहे. पण जी वस्तु या सगळ्यांना धरून ठेवते, ती गेली."

रात्रीं ओटीवर बैठक झाली. पुतण्यानें हिशेब मांडला. नवा तळ, दोन्ही उंबरठे, खांबांचे पाय, चाकांवरच्या कमानी, सर्व पत्रा नव्यानें घडवून वेल्डिंग करावयाचें. मग रंग, रबरें, बैठका, विजेच्या तारा. मिस्त्रींच्या अंदाजानें सात लाख रुपये. त्याच्यापाशीं तीन लाख साठलेले होते. उरलेले तो कर्ज काढणार होता. घरावरचे पत्रे काढून पुन्हां वासे व कौलें घालण्यास सुतारानें दोन लाख सांगितले होते.

पुतण्याचें म्हणणें मला पोरकट वाटलें नाहीं, हें मी मुद्दाम नमूद करतों. तो म्हणाला, "काका, अशा गाड्या आतां किती उरल्या आहेत? अहमदाबादेजवळ कठवाड्याला केवढा मोठा संग्रह लोक पैसे देऊन पाहायला जातात. तिथें राजेरजवाड्यांच्या गाड्या आहेत. आपल्या आजोबांची गाडी कोण जपणार? ती आपणच जपायची." यांत तथ्य होतें. तथापि मीं त्यास दोन प्रश्न विचारले. पहिला असा: सात लाख खर्चून जी उभी राहील, ती हीच गाडी असेल काय? मिलिंद राजास नागसेन भिक्षूनें विचारलेला प्रश्न प्रसिद्ध आहे. आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? जूं म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकास नाहीं म्हणतो, आणि अखेर कबूल करतो कीं, हीं सर्व अंगें एकत्र आलीं म्हणजे त्यांस रथ असें म्हणावयाचें. आमच्या गाडींत नेमकें एकत्र धरणारेंच नाहींसें झालें होतें.

दुसरा प्रश्न व्यवहाराचा होता, आणि त्याचें उत्तर कायद्यांत होतें. २०२१ च्या जुलैंत केंद्र सरकारनें प्राचीन मोटारींसाठीं नवे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, खाजगी वापराची गाडी या सदरांत नोंदवितां येते. नोंदणीचें शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षें, पुढें नूतनीकरणास पांच हजार. परंतु गाडी मूळ रूपांत राखलेली असली पाहिजे. सांगाडा, शरीर किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला असतां कामा नये. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरास रस्त्यावर काढतां येत नाहीं. प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, आणि त्यासाठीं लागणारें पेट्रोल व दुरुस्ती, एवढ्यापुरतीच मुभा. ज्या गाडीचें अर्धें शरीर नव्यानें घडवावयाचें, ती या नियमांत बसेल असा भरंवसा मिस्त्रींसही देववेना. "म्हणजे कर्ज काढून आपण एक अशी वस्तु करणार कीं, जी जुनी म्हणून मान्य होईल न होईल, आणि नवी म्हणून चालवितां यावयाची नाहीं," मीं म्हटलें. पुतण्या गप्प झाला. काकू सुपारी कातरीत होत्या. त्यांनीं मान वर केली नाहीं.

तथापि मोडींत देणें म्हणजे काय, हें पाहिल्यावांचून तसें ठरविणेंही मला अन्यायाचें वाटलें. म्हणून आठ दिवसांनीं मी व मिस्त्री मुंबईस, कुर्ल्यास गेलों.

कुर्लें निवडलें तें योगायोगानें नव्हे. आमची गाडी तेथेंच जन्मली होती. सोलापुरास जन्मलेले उद्योजक वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यांत प्रथम अमेरिकन बनावटीच्या गाड्यांची जुळणी होऊं लागली, आणि पुढें इटलींतील फियाट कंपनीशीं करार होऊन ११०० ही गाडी तेथें बनूं लागली. तिच्याच वंशांतील गाडीस १९७० नंतरच्या दशकांत 'पद्मिनी' हें नांव मिळालें, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती निघत राहिली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी, असें दोन पिढ्यांचें समीकरण होतें. शेवटच्या नोंदलेल्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरांत संपली, आणि तें दृश्य मुंबईच्या रस्त्यांवरून गेलें. कारखान्याच्या जागीं आज उंच इमारती आहेत. आम्ही त्यांच्या पायथ्याशीं थोडे उभे राहिलों. मिस्त्री म्हणाले, "मी वीस वर्षांचा असतांना या फाटकांत पार्ट घ्यायला येत असें." फाटक कोठें होतें तें मात्र त्यांस नक्की दाखवितां आलें नाहीं.

तेथून फार दूर नाहीं, कुर्ल्याहून कालिन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मोडीच्या मोटारींचीं दुकानें आहेत. एका बाजूस दारेंच दारें, पुस्तकांसारखीं उभीं रचलेलीं; दुसरीकडे इंजिनें ओळीनें मांडलेलीं; छतापासून लोंबणारे आरसे, चाकांच्या टोप्या, सुकाणूंचीं वर्तुळें. सर्वत्र जळक्या तेलाचा वास. ज्या गाड्या त्या भागांत जन्मल्या, त्यांचे अवयव त्याच भागांत विकावयास मांडलेले पाहून मनास कसेंसेंच झालें. पण घटकाभर उभें राहिल्यावर माझ्या ध्यानांत दुसरीही गोष्ट आली. तेथें गिऱ्हाइकांची सारखी ये-जा होती. कोणी एक काच घेऊन जाई, कोणी एक बिजागरी. प्रत्येकाच्या घरीं एखादी अडलेली गाडी होती, आणि ती या एका तुकड्यानें चालू होणार होती. मी स्मशान पाहावयास आलों होतों. मला तो दवाखानाही दिसला.

दुकानाचे मालक वृद्ध गृहस्थ होते. मिस्त्रींची व त्यांची जुनी ओळख निघाली. छायाचित्रें पाहून त्यांनीं सबंध गाडीचे चाळीस हजार सांगितले. मग इंजिनाचें चित्र त्यांनीं पुन्हां पाहिलें. "हें मूळचें, १०८९ सी.सी.चें आहे?" मिस्त्रींनीं होकार दिला. तेव्हां त्यांनीं चहा मागविला, आणि सांगितलें कीं, सांगलीस एका गृहस्थांपाशीं याच जातीची गाडी आहे. ती देशावरच्या कोरड्या हवेंत, बंद कोठारांत राहिल्यामुळें तिचा पत्रा निर्दोष आहे. पण मागें कोणीं तरी तिचें इंजिन काढून त्या जागीं डिझेलचें बसविलें. ते तीन वर्षें मूळ इंजिन व गिअर-बॉक्स शोधीत आहेत. "मला थोडी दलाली द्या, नंबर देतों. तोडून विकलें तर माझा फायदा जास्त आहे, पण जोडी जमते आहे," ते म्हणाले.

परत येतांना रात्रींच्या गाडींत माझ्या मनाचा निश्चय झाला. आपल्या शास्त्रांत जीर्णोद्धाराचा विधि आहे, तो केवळ डागडुजीचा नाहीं. अग्निपुराणांत जीर्ण मूर्तीविषयीं स्पष्ट सांगितलें आहे कीं, जी भग्न झाली तिचें यथाविधि विसर्जन करावें; लांकडाची असेल तर अग्नींत, दगडाची असेल तर पाण्यांत; आणि त्याच मापाची नवी स्थापावी. जुन्यास धरून बसणें म्हणजेच भक्ति, असें आपल्या पूर्वजांनीं मानिलें नाहीं. भग्न काय आणि अभग्न काय, हें आधीं नीट पाहावें, मग भग्नाचा मोह सोडावा आणि अभग्नास नवें स्थान द्यावें, हा त्यांतील विवेक होय. गोठ्यांतील गाडीचें शरीर भग्न झालें होतें. इंजिन झालें नव्हतें. सांगलीच्या गाडीची स्थिति नेमकी उलट होती.

मीं हें काकूंस सांगितलें. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "तिकडे ती चालेल का?" मीं म्हटलें, "चालेल, काकू. इथें राहिली तर चालणार नाहीं." "मग देऊन टाका. ते गेले तेव्हां त्यांचा स्टेथॉस्कोप मीं खेडच्या मुलाला दिलाच होता. पेटींत ठेवला नव्हता."

पुतण्यास समजाविणें मला कठीण वाटत होतें. पण तो समंजस निघाला. सांगलीच्या गृहस्थांनीं इंजिन, गिअर-बॉक्स, मागचा ॲक्सल, काचा, दिवे व जाळी यांचे मिळून एक लाख दहा हजार दिले. पुतण्यानें त्यांत आपल्या साठलेल्यांतून नव्वद हजार घातले, आणि कौलांचा प्रश्न सुटला. त्यानें एकच अट घातली: इंजिन बसवितांना त्यास तेथें राहूं द्यावें. ती त्या गृहस्थांनीं आनंदानें मान्य केली.

कागदपत्रांविषयीं दोन शब्द लिहिणें आवश्यक आहे. गाडी मोडली म्हणजे तिचीं कागदपत्रें व क्रमांकाचा पत्रा कोणाच्याही हातीं जाऊं देऊं नये. चोरीच्या गाडीस तेच कागद चिकटविले जातात. मोटार-वाहन कायद्यानुसार गाडी कायमची निरुपयोगी झाल्यावर चौदा दिवसांच्या आंत, अथवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी-अधिकाऱ्यांस कळवून नोंदणी रद्द करवून घ्यावी लागते. आम्हीं काकूंस वारस म्हणून पुढें करून तें काम पुरें केलें. सांगाडा मोडींत देण्यापूर्वीं क्रमांक ठोकलेला पत्र्याचा तुकडा कापून घेतला. सांगलीकरांसही इंजिनाचा नवा क्रमांक आपल्या नोंदणींत रीतसर चढवून घेण्यास सांगितलें.

ज्या दिवशीं टेंपो आला, त्या दिवशीं गाडी गोठ्याबाहेर ढकलावयास शेजारचे चार लोक आले. हर्णैहून एक बाईही आल्या. पन्नाशी उलटलेल्या, डोक्यावर मासळीची पाटी. १९७० च्या श्रावणांतली मुलगी ती हीच. त्यांस कोणीं कळविलें कोण जाणे! त्यांनीं पाटी गडग्यावर ठेविली, हात धुतले, आणि इतरांबरोबर त्याही ढकलूं लागल्या. गाडी अंगणांत आली तेव्हां त्यांनीं कमरेच्या पिशवींतून एक नारळ काढून बॉनेटवर ठेविला, क्षणभर हात जोडले, आणि पाटी उचलून निघून गेल्या. काकूंनीं तो नारळ नेहमींप्रमाणें देवापुढें नेऊन ठेविला.

गोठा मग झाडून सारवून घेतला. आतां तेथें वादळांतून उरलेल्या पोफळींच्या सुपाऱ्या वाळत असतात. घरावर कौलें चढलीं. यंदाच्या पावसाळ्यांत माजघर कोरडें राहिलें.

वैशाखांत पुतण्यानें सांगलीहून दूरध्वनि केला. गाडी सुरू झाली होती. मी तेव्हां मुरुडासच होतों. त्यानें यंत्र बॉनेटपाशीं धरलें, आणि काकूंनीं तें कानास लाविलें. मला फक्त एक घरघर ऐकूं येत होती. काकूंनीं डोळे मिटून घेतले. तिकडे गाडी अंगणांतून बाहेर पडली असावी. आवाज बदलला, मग पुन्हां बदलला. काकूंनीं यंत्र माझ्या हातीं दिलें आणि म्हणाल्या, "दुसऱ्या गिअरला अजून तशीच कुरकुरते. त्यांना सांग, तें दुखणें जुनें आहे, घाबरूं नका."